फ्रॉक उलटा नाहीये हो!

नाही हो, उलटा नाहीये! आज सकाळपासून हे अकराव्यांदा सांगतोय, अकराव्यांदा! जिन्यात दोनदा, रस्त्यात चारदा, दुकानाचं कुलूप काढताना दोनदा, भाजीवाल्यापाशी दोनदा, आणि सिग्नलपाशी तर एका बाईनं चालती स्कूटर थांबवली, मागची माणसं हॉर्न वाजवतायत, ओरडतायत, आणि ही आपली हेल्मेटची काच वर करून म्हणते, “अहो, तुमच्या मुलीचा फ्रॉक उलटा घातलाय!” काच खाली, आणि गेली! समाजसेवा करून गेली! मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर समोर नुसता धूर... आता त्या धुराला काय समजावू?

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कोणाच्या पोरीला म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी शिंपी आहे हो! हा गळ्यात टेप दिसतोय ना? बावीस वर्षं गळ्यात आहे, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, काढायला विसरलो होतो, सासरे अजून ऐकवतात. अख्ख्या रस्त्याचे गळे, बाह्या, कंबरा मला पाठ. कोणाचं पोट सुटलं ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. आणि माझीच पोर, माझ्याच हातचा फ्रॉक घालून, माझंच बोट धरून चालली की लोक हळहळतात. शिंप्याची पोर आणि कपडे उलटे! त्यांना वाटतं मी पितो.

पोरगी पाच वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण सगळे तिला बटण म्हणतात, कारण रांगत होती तेव्हा दुकानातलं एक बटण गिळलं होतं तिनं. निळं, चार भोकांचं. आलं हो दुसऱ्या दिवशी बाहेर! पुढे ते कोणाच्या शर्टाला लागलं ते विचारू नका, तो माणूस अजून येतो माझ्याकडे. तर ही बटण दीड वर्षाची झाली आणि गालांवर लाल चट्टे उठले. मग कोपरांच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यांच्या मागे, मग मानेला. कातडी कोरडी पडायची, चिरायची, कधी पाणी सुटायचं, आणि खाज... तुम्हाला डास चावतो ना, ती जी सुटते ती खाज. इथे ती खाज आपलं सगळं खानदान घेऊन पोरीच्या कोपरात राहायला आली होती! आणि आम्ही मोठी माणसं काय म्हणायचो? “खाजवू नको.” झालं, संपलं आमचं ज्ञान! उठता “खाजवू नको”, बसता “खाजवू नको”. एकदा ती माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “बाबा, तुम्ही श्वास घेऊ नका बघू.” गप्प बसलो, श्वास घेत.

आणि सल्ले! अजून फ्रॉक उलटा झालेला नव्हता बरं का, हे त्याच्या आधीचं सांगतोय. माझा मोठा भाऊ फोनवर, “अरे, उन्हात बसव तिला, चांगला घाम येऊ दे, सगळं बाहेर पडेल.” अरे दादा, घामानंच तर भडकतं ते! मग आत्या. “पोटातली उष्णता आहे रे ती. आमच्या वेळी कुठे होतं असलं इसब-बिसब?” होतं आत्या, होतं! तुम्ही त्याला ‘रडकी कार्टी’ म्हणायचात! खालच्या मजल्यावरचा प्लंबर, “पाणी. शंभर टक्के पाणी. टाकी बघितली का?” तो सगळ्यालाच पाणी म्हणतो, त्याच्या बायकोची पाठ धरली होती तेव्हाही हा टाकी बघायला गच्चीवर चढला होता. आणि आमचे ते रिटायर झालेले पोस्टमन! पँटच्या ट्रायलला उभे, मी खाली बसून लांबी मापतोय, तोंडात टाचण्या, आणि हे वरून म्हणतात, “मास्तर, आमच्या साडूच्या मुलीला अगदी असंच होतं. काऽही केलं नाही. आपोआप गेलं.” मी टाचण्या काढल्या. “कधी गेलं?” “लग्न झाल्यावर.” म्हणजे पाच वर्षांच्या पोरीसाठी स्थळं बघू मी? टाचणी हातात होती आणि त्यांची पोटरी समोर होती, तुम्हाला सांगतो, कसं आवरलं स्वतःला, माझं मला माहीत.

पण हे सगळं परवडलं. बागेतलं नाही परवडलं. बटण घसरगुंडीवर चढली, वर बसली, मागून एक मुलगी चढायला लागली आणि तिच्या आईनं तिला दंड धरून खाली ओढली. “तिच्या मागे नको जाऊस गं, चिकटेल!” चिकटेल! अहो, एक्झिमा चिकटत नाही हो, डिंक आहे का तो? मी गेलो, अगदी नीट, हात जोडून म्हटलं, “ताई, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही.” तर म्हणते, “हो का? होत नसेल. पण कशाला उगाच!” कशाला उगाच!! तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांवर उत्तर नाही जगात. शिवी दिली असती तर मी दिली असती, ‘कशाला उगाच’ला काय देऊ? आणि बटणनं ते ऐकलं होतं. वर बसून राहिली. खाली येईचना. “ये बाळा.” नाही. “मी झेलतो.” नाही. शेवटी मीच चढलो. माझी कंबर अडतीस. घसरगुंडीचं माप मी कधी घेतलं नव्हतं, ते तिथे वर गेल्यावर कळलं. अडकलो. तिला मांडीवर घेऊन मधोमध अडकलो, पुढे नाही, मागे नाही, खाली ‘कशाला उगाच’ बघतेय. पण पोरगी हसली हो. इतकी हसली की खाजवायचं विसरली.

मग आम्ही गेलो कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. आमच्या हिनं रजा काढली. ही दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. माणसाचं आतलं बघते, म्हणून तिचं डोकं शांत. मी बाहेरचं झाकतो, म्हणून मी हा असा. तर डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाई नाही, बडबड नाही. म्हणाल्या, “एक्झिमा आहे. आज औषध दिलं आणि उद्या गेलं असं होणार नाही, काबूत ठेवायचा. आंघोळ कोमट पाण्यानं, थोडाच वेळ. घासून पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर आहे तोवर हे मलम भरपूर लावायचं, रोज. लाल भडकलं तर हे दुसरं, मी सांगते तेवढेच दिवस. नखं बारीक. कपडे सुती आणि सैल.” मी मान डोलवतोय. सुती म्हणाल्यावर तर छाती पुढे काढली, म्हटलं, आता आला माझा विषय. तर त्यांनी बटणच्या फ्रॉकचा गळा उलटून पाहिला. आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, मी कापडावरून फिरवतो ना, अगदी तस्सा. आणि म्हणाल्या, “ही शिवण टोचतेय तिला. कोणी शिवलाय हा फ्रॉक?”

आमची ही छताकडे बघायला लागली.

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत माझ्या शिवणीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. डबल शिलाई, वर कडा बांधायला ओव्हरलॉक, कापड विरेल पण शिवण उसवणार नाही, हा माझा बाणा! आणि तीच डबल शिलाई, तोच ओव्हरलॉकचा जाड दोरा, पोरीच्या मानेला, काखेला, कमरेला दिवसभर करवतीसारखा घासत होता. हौसेनं शिवलेले चौदा फ्रॉक होते हो ते! एकेक लेस निवडून आणलेली! दादावर चिडलो, आत्यावर चिडलो, त्या बागेतल्या बाईवर तर अजून चिडतो... आणि टोचत होतो मी. लाज वाटत होती, पोरीचा हात धरायचीसुद्धा लाज वाटत होती.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “सोपं आहे. कपडे उलटे घाला. शिवण बाहेर, कातडीला नुसतं मऊ कापड.” घातले उलटे. आणि झालं सुरू! “अगं बाई, उलटा घातलाय!” “मास्तर, उलटा घातलाय!” कंडक्टर तिकीट फाडता फाडता, “उलटा घातलाय!” म्हटलं, थांबा. शिंपी आहे मी. चौदाच्या चौदा फ्रॉक उसवले आणि नव्यानं शिवले, कापडाची चांगली बाजू बाहेर, खिसा बाहेर, बटणं बाहेर, सगळं जिथल्या तिथे, फक्त शिवण तेवढी बाहेरच्या अंगाला, आणि आत गळपट्टीवरचं लेबलसुद्धा नाही. इतकं सुबक काम मी नवरदेवाच्या कोटावर केलं नाही. सकाळी ऐटीत बाहेर पडलो. पहिल्या जिन्यावर प्लंबर. “मास्तर, पोरीचा फ्रॉक...” अरे खिसा बघ! बटणं बघ! उलटा असता तर बटणं आत गेली नसती का रे? तर म्हणतो, “हां... बरोबर आहे. पण उलटाच दिसतो.”

मग मी पाटी केली. पुठ्ठ्यावर, ठसठशीत अक्षरात, ‘कपडे उलटे नाहीत. विचारू नये.’ दुकानाच्या काचेच्या दारावर रस्त्याकडे तोंड करून लावली. ही म्हणाली, “अहो, पाटीनं काय होणार?” म्हटलं, लोक वाचतील. वाचली हो लोकांनी. आत येऊन विचारायला लागले, “कुठले कपडे?”

आणि मग शाळा. गणवेश जाड, गळा ताठ, छातीवर जरीच्या दोऱ्यात भरलेला शाळेचा सूर्य. ज्ञानाचा. मी तो गणवेश उसवला, आतून मऊ सुती अस्तर लावलं, शिवणी बाहेर घेतल्या, सूर्य बाहेर, सगळं नियमात. पहिल्या दिवशी बटण उड्या मारत गेली. दुपारी आणायला गेलो तर फाटकाशी उभी, हात अंगापासून लांब धरून, हलत नाही, रडत नाही. मानेवर नखांचे ओरखडे, काखेत रक्ताचे ठिपके, आणि गणवेश... उलटा! आता खरंच उलटा! माझ्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा खरोखर उलटा कपडा कोणी घातला असेल तर शाळेनं! वर्गाच्या बाईंनी तिला बाथरूममध्ये नेऊन गणवेश ‘सुलट’ केला होता. शिवण आत गेली म्हणजे सुलट, एवढंच त्यांना माहीत. खिसा आत! अस्तर बाहेर लोंबतंय! ज्ञानाचा सूर्य पोरीच्या छातीवर आतून टोचतोय! आणि बटणं, सात बटणं, आतून लावलेली! तुम्ही लावून बघा आतून सात बटणं, मी शिंपी, माझी बोटं वाकडी होतील. त्या बाईंनी ती एकेक करून लावली, सातच्या सात, आणि एकाही बटणापाशी त्यांच्या मनात आलं नाही, की अरे, बटणं आतून कशी?

दुसऱ्या दिवशी मी गेलो भांडायला. गणवेश काठीवर झेंडा धरावा तसा धरून गेलो. मुख्याध्यापिकांच्या खोलीत उलटा करून दाखवला, सुलट करून दाखवला, ओव्हरलॉक म्हणजे काय ते सांगितलं, शिपाईसुद्धा ऐकायला थांबला. वर्गाच्या बाई म्हणजे विशीतली पोर हो, पहिलंच वर्ष. म्हणाली, “मला वाटलं, सकाळच्या घाईत झालं असेल. चांगलंच करायला गेले मी...” म्हटलं, “तिला विचारायचं होतंत!” तेवढ्यात बटण बोलली, हळूच, “मी सांगितलं होतं बाईंना. टोचतं म्हणून. तीनदा.” बाईंचे डोळे भरले. त्या खाली गुडघ्यांवर बसल्या आणि बटणला म्हणाल्या, “चुकलं माझं. मी ऐकायला हवं होतं.” आता मोठी माणसं लहान पोराला ‘चुकलं’ म्हणतात हे मी फार बघितलेलं नाही, माझा सगळा राग तिथेच फसकन गेला, आणि इतका तयारीचा राग वाया गेला म्हणून मला पुन्हा राग आला.

भांडण जिंकलो. छातीबिती काढून घरी आलो, आणि बटण म्हणते, “बाबा, मला आत शिवणीचाच गणवेश द्या.”

“अगं, पण टोचेल!”

“टोचू दे. मग कोणी काही म्हणणार नाही.”

तुम्हाला सांगतो... काय सांगू? पाच वर्षांची पोर. खाज सोसायला तयार, रक्त काढायला तयार, पण तो एक शब्द नको! हे केलंय तुम्ही लोकांनी! कोणाला वाईट म्हणू? सगळे चांगलेच आहेत, सगळे मदतच करतायत! अकरा माणसं रोज अकरा वेळा मदत करतायत, आणि माझी पोर रोज अकरा वेळा ऐकतेय की तुझं काहीतरी चुकलंय. बसलो मशीनपाशी. पायडलवर पाय ठेवला आणि काही सुचेचना. मग अंगातला शर्ट काढला, माझा, आणि उसवला. शिवणी बाहेर घेतल्या. खांद्याची, बगलेची, कॉलरची. घातला. आरशात पाहिलं, अगदी येडा दिसत होतो. बटणला म्हटलं, “चल. आता आपण दोघं.”

शिंप्यानं असा शर्ट घालणं म्हणजे न्हाव्यानं अर्धी दाढी करून दुकानात बसणं आहे हो! पोस्टमन आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शिवायला आणलेलं कापड न देता परत निघाले. आत्यानं फोन केला, “कोणीतरी म्हणत होतं, तुझं दुकान नीट चालत नाही, कपडे उलटे घालून बसतोस म्हणे. मनाला लावून घेऊ नकोस रे.” मीही रोज ऐकतोय, ‘उलटा घातलाय’. पण आता जिन्यात कोणी म्हटलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, आणि ती बोट दुमडते. मोजते हो! जास्त कोणाला म्हणाले, मला का तिला. जिंकल्यावर टाळ्या वाजवते. गणवेश घालते, बाहेर शिवणीचाच. मलमाला मात्र रोज भांडते, भिंतीला चिकटून उभी राहते, तो भाग तसाच आहे. आणि कोपर? बरं असतं, मग भडकतं, मग बरं असतं. काबूत. काबूत म्हणजे हेच.

आता ऐका, कारण इथून पुढचं मी कोणाला सांगत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात एक बाई आल्या. घामेजलेल्या, खांद्याला पिशवी, हाताला तीन वर्षांची चिमुरडी. बटण टेबलाखाली बसून डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत होती. मी कोणाच्यातरी बाहीला इस्त्री करतोय, तोंडात टाचण्या, डोकं कामात. मान वर केली, त्या पोरीकडे पाहिलं, आणि माझ्या या तोंडातून, याच तोंडातून, टाचण्यांच्या मधून, अगदी मायेनं निघालं, “ताई, पोरीचा टी-शर्ट उलटा घातलाय हं.”

बाईंचा चेहरा... अहो, ओळखीचा चेहरा! रोज दाढी करताना बघतो मी तो! “हो, उलटाच घातलाय!” त्या जे सुटल्या, “मुद्दाम घातलाय! सकाळपासून नवव्यांदा ऐकतेय मी हे! बसमध्ये, जिन्यात, दवाखान्याच्या दारात! कातडी आहे तिची, शिवण सोसत नाही तिला, दिसत नाही का तिची मान? दोन बस बदलून आले मी इथे, का, तर म्हणे इथे एक शिंपी आहे, त्याला कळतं!” एवढं बोलून त्यांना धाप लागली. आणि मग त्यांची नजर माझ्या शर्टावर गेली. खांद्यावरची शिवण, बगलेची शिवण, कॉलर. बघत राहिल्या. मीही खाली माझ्या शर्टाकडे बघितलं, दुसरं कुठे बघणार?

इस्त्री तशीच बाहीवर होती. भोक पडलं.

बटण टेबलाखालून बाहेर आली. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं. त्या चिमुरडीपुढे जाऊन उभी राहिली, “तुला पण टोचतं?” तिनं मान हलवली. बटणनं कोपर दाखवलं, तिनं गुडघ्यामागचं दाखवलं, बटण म्हणाली, “खाजवू नको म्हणतात ना?” मी टेप काढला, खाली बसलो, आणि गुपचूप माप घेतलं. गळा सैल, बाही सैल, शिवण बाहेर. बाई शेवटी म्हणाल्या, “रागावले मी. सॉरी हं.” म्हटलं, “नका म्हणू. अजून दोन वाक्यं राहिली होती तुमची, मला पाठ आहेत.”

त्या गेल्यावर बटणनं स्टूल ओढला, त्यावर चढली, काचेवरची माझी पाटी सोडवली, फिरवली, आणि अक्षरं आतल्या बाजूला करून पुन्हा चिकटवली. थेट माझ्या मशीनच्या समोर. ‘कपडे उलटे नाहीत. विचारू नये.’ उतरून म्हणाली, “आता तुम्हाला दिसेल.”

दिसते हो. मान वर केली की दिसते. पायडल मारता मारता वाचतो, रोज. आणि आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी, ते पोस्टमन दारात आले. पँट आणलीय, रुसवा संपला म्हणायचा. आत पाऊल टाकण्याआधी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गालात हसून, अगदी हळू आवाजात, माझी लाज राखत म्हणाले, “मास्तर... पाटी उलटी लावलीय.”

सकाळपासूनचे अकरा, हा बारावा. म्हटलं, “हो. या, बसा.”